बसून घ्यायचं माप

“काका, उभं राहून नका बघू. गाडीवर बसा, मग सांगा कशी वाटते.”

ओंकारने असं म्हटल्यावर ज्योतीरामला गाडीवर चढावंच लागलं. गाडी खरीच होती, पण तिची दोन्ही चाकं लोखंडी पट्ट्यांनी फरशीला जखडलेली होती. पिंपरीतल्या त्या बाइकस्वारांच्या कपड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला तिच्यावर बसवल्याशिवाय ओंकार साधे हातमोजेसुद्धा विकत नसे. ज्योतीरामने हँडल धरलं, पाय वर घेतले आणि समोरच्या आरशात बघितलं. पन्नाशीला टेकलेला एक माणूस जागच्या जागी गाडी चालवत होता. त्याला आधी हसू आलं, मग आलं नाही.

“बघा, गुडघ्याचं पॅड मांडीवर सरकलं,” ओंकार उकिडवा बसून म्हणाला. “उभं असताना बरोबर वाटतं. बसलं की पँट वर चढते. सगळे इथंच फसतात. रोज किती चालवता?”

“पिंपळे गुरव ते कुरुळी. मोशीवरून,” उत्तर विजयश्रीने दिलं. “एकोणीस वर्षं झाली. तुम्ही यापेक्षा लांब माप दाखवा.”

नवऱ्यासाठी काही घ्यायचं म्हटलं की विजयश्रीच्या अंगात दहा हत्तींचं बळ येई. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी. सकाळी ज्योतीराम तिला काहीतरी सांगायला म्हणून चहाचा कप घेऊन बसला होता, तर तिने त्याला उठवून थेट इथे आणलं. सांगायचं होतं ते एवढंच, की घरामागच्या सोसायटीत पंप, लिफ्ट आणि जनरेटर बघायला माणूस हवा होता. पगार कंपनीच्या निम्मा, पण काम चालत जाण्याच्या अंतरावर. पायात चपला घालून कामावर जायचं! गेले आठ दिवस तो मनातल्या मनात रोज तसा जात होता. सोसायटीच्या सेक्रेटरींना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

“ही लै जड हाय,” दुसरी पँट घालून तो म्हणाला.

“आतून जाड अस्तर आहे ना काका. डांबरावर घासली तरी लवकर फाटणार नाही. हलकी हवी तर ही घ्या, अस्तर फक्त बुडाला आणि गुडघ्याला.”

“उन्हाळ्यात उकडंल की.”

“चेन उघडली की मांडीला वारा लागतो.”

ज्योतीराम खोड काढी आणि ओंकार ती हसतमुखाने निस्तरी. शेवटी ज्योतीरामने ठेवणीतलं कारण काढलं. “गेटवर सिक्युरिटी पॅड काढायला लावत्यात.”

“म्हणून काढून ठेवायचे?” विजयश्रीचा आवाज एकदम चढला. “नवनाथभावजींनी ठेवले तसे?”

नवनाथ कंपनीत ज्योतीरामच्याच लाइनवरचा. त्याच्याकडे अशीच पँट होती. पण शिफ्ट सुटताना गेटवर झडती असे, आणि सिक्युरिटीवाला रोज त्याचे गुडघे चाचपून विचारी, आत काय दडवलंय? मागे सगळी रांग खोळंबलेली. रोजच्या शोभेला कंटाळून नवनाथने पॅड काढून पाठीवरच्या बॅगेत टाकले. महिनाभराने चिंबळी फाट्यावर ट्रेलरला चुकवताना तो घसरला. पँट शाबूत राहिली, बॅगेतले पॅडही शाबूत राहिले, गुडघा तेवढा गेला. आता तो स्टोअरमध्ये स्टुलावर बसून असतो.

“किती वर्षं टिकंल ही?” विजयश्रीने ओंकारला विचारलं.

“वॉशिंग मशीनला नाही टाकली तर पाच वर्षं कुठे जात नाही, काकू.”

ती बोटांवर काहीतरी मोजत होती. “म्हंजे तोवर आमच्या दिव्याचं नर्सिंग होतंय, लग्न होतंय. मग अजून एक घेतली की हे रिटायरच.” तिने इतक्या समाधानाने ज्योतीरामकडे बघितलं की सोसायटीतल्या कामाचं सांगायचं त्याने सोडून दिलं. जखडलेल्या गाडीवरून तो सावकाश खाली उतरला. “हीच द्या,” तो म्हणाला. “बसतीय.”

संध्याकाळी घरी तिने त्याला ती पँट घालून प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. “वाकवा गुडघा. अजून. गाडीवर असल्यासारखं बसा की.” साबणाच्या वडीने ती पॅडभोवती खूण करत होती, तेवढ्यात फोन वाजला. तो तसाच उठून गॅलरीत गेला. खाली सोसायटीचा पंप सुरू झाल्याचा घरघराट येत होता. कुणीतरी दुसराच चालवत असणार.

“न्हाई जमायचं, साहेब,” तो हळूच म्हणाला. “दुसरा बगा कुनी.”

सेक्रेटरींनी फार आग्रह केला नाही. त्याला वाटलं होतं, एकदा तरी करतील.

“कुणाचा होता?” विजयश्रीने आतून विचारलं.

“कंपनीतला.”

त्याने पँट उतरवून दिली. तिने ती उलटी केली, पॅड खुणेवर सरकवले आणि त्यांच्या खिशांची तोंडं गोणी शिवायच्या दोऱ्याने शिवायला घेतली. दाभण जाड कापडातून सहज निघत नव्हतं, तिची बोटं लाल झाली होती. मदत करा असं तिने म्हटलं नाही. नवनाथला बघायला दवाखान्यात गेली होती तेव्हापासून तिने हे ठरवलं असावं. ज्योतीरामने रागवायचं तरी कुणावर?

“सिक्युरिटीला म्हणावं, बायकूनं शिवल्यात. उसवायचं आसंल तर तिला इचारा,” ती म्हणाली आणि शेवटचा टाका घालून दोरा दाताने तोडला. “घ्या. वढून बघा, येतंय का बाहेर.”

ज्योतीरामने पॅडला हात घालून जोर लावला. मग पुन्हा एकदा लावला.

“न्हाई येत,” तो म्हणाला.

“मग झालं,” असं म्हणून तिने पँटची नीट घडी घातली आणि सकाळी हाताशी यावी म्हणून दाराजवळ, त्याच्या चपलांवर ठेवली.