खिशातला वायसर

मी कट्टा गावच्या हायस्कुलात शास्त्र शिकवतो. कप्पी, तरफ, घर्षण हे धडे इतक्या वेळा शिकवलेत की ते मला येतात, असा माझा समज झाला होता. चौऱ्याऐंशी साली जुनी फियाट घेतली आणि त्या समजाला चाकं लागली.

मेव्हण्याचं लग्न मालवणात होतं, मुहूर्त अकरा चाळीसचा. नवरदेवामागे दिवा धरून उभी राहणारी करवली म्हणजे माझी बायको कावेरी, त्याची एकुलती बहीण. तिला वेळेवर पोचवणं एवढंच माझं काम. आदल्या दिवशी मला इंजिनाचा पट्टा बदलायची हुक्की आली. बाबली मिस्त्री म्हणाला, "मास्तरांनु, गाडी हाडा, मी बसवतंय." मी म्हटलं, "त्यात काय बसवायचंय?"

नवा पट्टा चढवला, पहारीनं डायनॅमो रेटला, बोल्ट आवळले. गवताचा भारा सैल बांधला तर वाटेत सुटतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून पट्टा असा ताणला की टिचकी मारली तर तुणतुणं वाजावं. शेवटी एक जाडा वायसर उरला. जास्तीचाच असणार म्हणून खिशात टाकला.

कावेरी खळ्यात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अवो, पट्टो वाकडो दिसता माका. आणि घट्ट पण झालो."

तिच्या वडिलांची, दाजींची, मालवणात भाताची गिरण. गिरणीचे पट्टे बघतच ती वाढली. तरी मी तिला घर्षणावर दहा मिनिटं शिकवलं. तिनं गप्प ऐकून घेतलं. वर्गातली पोरंही अशीच ऐकतात.

सकाळी निघालो तेव्हापासून पट्टा किंचाळत होता. "नवा आहे, गातो जरा," मी म्हटलं. चौके गावाच्या पुढे फाट्कन आवाज झाला आणि लाल दिवा लागला. बॉनेट उघडलं तर पट्टा निसटून खाली लोंबत होता, एका कडेनं पार कुरतडलेला. साडेदहा वाजले होते आणि एसटी नुकतीच पुढे गेली होती. "मी बघतो," म्हणालो आणि बघत राहिलो. बघण्यापलीकडे मला काही येईना. आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

कावेरीनं शालूचा पदर खोचला. "जुनो पट्टो खंय आसा?"

तो डिकीत होता. तिनं आहेराच्या पुडक्याचा दोरा सोडला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि तो कप्प्यांच्या तोंडावरून सरळ ताणला. डायनॅमोची कप्पी दोऱ्यापासून चांगली मागे राहिली होती.

"हंय मदी कायतरी कमी आसा," ती म्हणाली.

मी निमूट खिशातून वायसर काढला. तिनं आधी वायसराकडे बघितलं, मग माझ्याकडे. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

वायसर जागेवर गेला तशी कप्पी दोऱ्याला टेकली. जुना पट्टा चढवून तिनं डायनॅमो बेतानं ओढला, बोल्ट आवळला आणि मधोमध अंगठा दाबला. "बोटभर लवाक व्हयो. आमच्या गिरणीतली गडीमाणसां पण ह्या जाणतत." मी आहेर छातीशी धरून उभा होतो.

मांडवात पोचलो तेव्हा अंतरपाट धरत होते. कावेरीनं धावत जाऊन दिवा उचलला. माझा जीव भांड्यात पडला.

अक्षता पडल्यावर दाजी जवळ आले. "उशीर कसो झालो गो?"

"वाटेत पट्टो निसाटलो," कावेरी म्हणाली. "ह्यांनी बसवल्यानी."

माझी मान ताठ झाली. हो म्हणून मोकळाही झालो.

दाजींनी लेकीच्या काळ्या बोटांकडे बघितलं. मग अजून आहेर छातीशी धरलेल्या माझ्या हातांकडे, पांढऱ्याशुभ्र.

"बरा झाला," ते म्हणाले. "फाल्यां गिरणीचो पट्टो बदलूचो आसा. मास्तरांनु, तुमी तेवडो आहेर धरूक येवा."