पेटी उघडायची नाही

आमच्याकडे स्वयंपाकघरात शिरणारा प्रत्येक माणूस आधी भांड्यावरचं झाकण उचलतो. भूक असो वा नसो. सासरे वर्तमानपत्र हातात घेऊनच येतात, झाकण उचलतात, वास घेतात आणि जातात. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, डावाने ढवळूनही बघतात. मी लग्न होऊन आले तेव्हा या सवयीला नाक मुरडलं आणि वर्षभरात स्वतःच झाकणं उचलायला लागले.

अशा घरात माझ्या धाकट्या जावेने तिची पेटी आणली.

धाकटी नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला आहे. आली तशी तिने घरातल्या बारीकसारीक गोष्टींना हात घातला. कपडे यंत्रात नाही, दोरीवर वाळवायचे. फ्रिज उघडून विचार करत उभं राहायचं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जायला गाडी काढायची नाही. आपण घरबसल्या किती कार्बन हवेत सोडतो, यावर ती जेवतानाही बोलायची. तिच्याच नवऱ्याने तिचं नाव 'कार्बनबाई' ठेवलं. ती हसायची आणि बोलतच राहायची. मला ते फार आवडायचं, कारण मी या घरात आजवर जे काही बोलले ते मनातल्या मनात.

पेटी म्हणजे माळ्यावरची जुनी लाकडी पेटी. आत फाटक्या स्वेटरांचं अस्तर, जुन्या उशांचा ठासून भरलेला कापूस आणि मधोमध मोठ्या पातेल्यापुरता खड्डा. गॅसवर अन्नाला खळखळून उकळी द्यायची, पातेलं पेटीत ठेवायचं, वरून जाड उशी दाबायची आणि पेटी बंद करायची. पुढे ते आतल्या आत शिजतं. मध्ये मात्र उघडायचं नाही.

"मग शिजतंय की नाही ते कळायचं कसं?" आईंनी विचारलं.

"नाही कळत, आई. विश्वास ठेवायचा."

"अन्नावर कसला आलाय विश्वास!"

सुट्टीच्या दिवशी नणंद सहकुटुंब संध्याकाळी जेवायला येणार होती. त्या दिवशी वाटाणे-बटाटे पेटीत करायचे, कच्चे राहिले तर पेटी भंगारात, असा आईंनी निकाल दिला. धाकटी मला हळूच म्हणाली, "ताई, हे फसलं ना, तर मी या घरात पुन्हा काही सुचवणार नाही." तिने ते इतक्या शांतपणे सांगितलं की ती तसंच करेल याची मला खात्री पटली.

सकाळी पातेलं पेटीत गेलं. दुपारी मी गच्चीवरून कपडे घेऊन खाली येते तो काय, पेटीतली उशी तिरकी आणि कापसाचे पुंजके जमिनीवर. आई एकट्याच डाव धूत उभ्या होत्या. "मी कुठे काय केलंय?" कुणी न विचारताच त्या म्हणाल्या. धाकटी धावत आली. पातेलं कोमट झालं होतं, वाटाणा दाताखाली टणक. तिचे डोळे भरून आले. "जाऊ दे, ताई. गॅसवरच शिजवू."

माझं टाळकंच सटकलं. "पुन्हा उकळी दे आणि पेटीत ठेव," मी म्हटलं. "पुढचं मी बघते."

पातेलं आत गेलं, झाकण लागलं आणि मी त्यावर बसकण मारली. मांडीवर ताट घेऊन काकड्या चिरायला लागले. सासरे आले, माझ्याकडे पाहिलं, बिचाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरचं झाकण उचललं आणि गेले. नवरा कानाशी येऊन म्हणाला, "गुपचूप गॅसवर ठेव की, कुणाला कळतंय?" मी सुरीने दार दाखवलं, तो निघून गेला. मग आई आल्या.

"ऊठ. एकदाच बघते."

मी आईंना कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

"नाही उठणार, आई."

"लेकीच्या सासरच्यांसमोर नाक कापलं गेलं म्हणजे?"

"माझं जाईल. मी बसलेय ना."

त्या फणकाऱ्याने बाहेर गेल्या. मी पुढची काकडी घेतली. पेटी वरून गारच लागत होती, त्यामुळे जीव टांगणीला.

पाहुणे आले, हातपाय धुऊन बसले. मी उठले, धाकटीने झाकण काढलं आणि वाफेचा लोट तिच्या चष्म्यावर आला. आईंनी सगळ्यांच्या आधी हात घातला. एक वाटाणा बोटांत दाबला, त्याचं पीठ झालं. खात्री पटेना म्हणून दुसरा दाबला. मग म्हणाल्या, "ताटं घ्या."

जेवताना नणंदेने विचारलं, "वहिनी, किती मऊ झालेत वाटाणे! गॅसवर किती वेळ ठेवलेस?"

माझ्याआधी आईच बोलल्या. "गॅसवर कशाला? एक उकळी द्यायची आणि मग हात लावायचा नाही. उगाच झाकणं उचलत बसायचं नाही." सासऱ्यांना ठसका लागला. "ही आमच्या धाकटीची अक्कल. शिकून घे तिच्याकडून, तुमच्याकडे दिवसभर गॅस जळत असतो."

धाकटी कानापर्यंत लाल झाली. मला तिचा फार अभिमान वाटला. कणभर हेवाही वाटला, खोटं कशाला सांगू?

आईंनी पोळीचा तुकडा मोडला. "दुपारी मीच उघडली होती पेटी," ताटाकडे बघत त्या म्हणाल्या. "सगळं वाया गेलं असतं. ही थोरली बसून राहिली म्हणून निभावलं. माझंसुद्धा ऐकलं नाही तिने." त्यांनी एक घास घेतला. "बरं केलं."

एरवी त्यांनी माझं नाव काढलं की माझी मान आपोआप खाली जाते. त्या दिवशी गेली नाही. मी ताठ बसून राहिले आणि धाकटीपुढे ताट धरून आणखी वाढून घेतलं.