आत्येची फुगडी

"तुझा गाणा तुझा नाय, तर मगे कोणाचा रे?" शांताआत्येने हितेंद्रला विचारलं. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज घोगरा, जेमतेम ऐकू येईल इतकाच उरला होता.

त्याच्या यूट्यूब चॅनेलवरून गाणं उतरवलं होतं. म्हणे रेकॉर्डिंगचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे आहेत! ऑपरेशनच्या आदल्या गणपतीत लालबागच्या याच चाळीत आत्येने म्हटलेलं फुगडीचं गाणं ते. चिंचपोकळीच्या वर्कशॉपात लोकांचे अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या हितेंद्रने रविवारी लॅपटॉपवर बसून त्याला ठेका दिला होता.

त्या कंपनीची सुरुची मागे इन्स्टावर आली तीच मालवणीत. "दादा, तुमी खंयचे? आमी कट्टा गावचे!" झालं, गडी विरघळला. साधा स्पीकर घेताना दहा दुकानं पालथी घालणारा हा माणूस, पण गाववाली म्हटल्यावर ना चौकशी केली, ना कागद वाचला. गाणं जगभर पोचवते म्हणाली, याने फोनवरच बोटाने सही ठोकली.

आज फोन केला तर तीच सुरुची हिंदीत म्हणाली, "सर, राइट्स आपने दिए हैं. एग्रीमेंट पढ़ लीजिए." आणि ब्लॉक. हितेंद्रच्या डोक्यात तिडीक गेली. चोर परवडला, निदान तो गावाचं नाव सांगून घरात शिरत नाही.

"माझो आवाज इकलस?"

"विकला नाय गे आत्ये. फुकट दिला."

तेवढ्यात वरळीच्या बुद्धभूषणचा फोन आला. तोही घरीच गाणी बनवायचा. "हित्या, सुरुची म्हणून एक आहे. बोलते, तू तिचा आर्टिस्ट. माझ्याशी जय भीम करून बोलली रे, आपली वाटली. सही करू?"

गॅलरीत शेजारी उभे होते. आपण कसे गंडलो हे त्यांच्यासमोर सांगायचं कोणत्या तोंडाने? हितेंद्र दाराबाहेर आला. मग सगळी चाळ ऐकेल असा ओरडला, "करू नको! चुना लावला मला तिने. न वाचता सही केली मी. आत्येचा आवाज घालवला. आधी वकिलाला दाखव, आणि सगळ्यांना सांग. माझं नाव घेऊन सांग!"

तो आत वळला. आत्ये गाण्याची पहिली ओळ म्हणू बघत होती. नुसती हवा येत होती. दोनदा प्रयत्न करून ती खाली बसली.

"शब्द तरी लिवान घे," ती म्हणाली. "आणि वर माझा नाव घाल."

हितेंद्रने वही ओढली, पण नाव लिहिताना पेन थांबलं. ते नाव त्याच्या चॅनेलवरही कधी नव्हतं.