कमरेपर्यंतची पाठ

गेल्या वर्षी शरीरसौष्ठव स्पर्धा संपल्यावर मुख्य पंचांनी तिला बाजूला बोलावून एवढेच सांगितले होते, "बाई, पाठ वरून भरलेली आहे, पण अर्ध्यावर संपते. कमरेजवळ काहीच नाही." एका गुणाने तिचा पहिला क्रमांक हुकला होता. तो सलग तिसऱ्यांदा घेऊन गेली होती ती तलावावरची पोहण्याची शिक्षिका. तिची पाठ काखेपासून कमरेपर्यंत कुठेही न तुटता उतरत असे. धुतलेल्या चादरीवर राहून गेलेल्या डागाकडे नजर पुन्हा पुन्हा वळावी, तसे हरलेल्या हिचे मन वर्षभर पंचांच्या त्या वाक्याकडे वळत राहिले.

पार्लर चालवणाऱ्या तिच्या नणंदेने सहा वर्षांपूर्वी तिला व्यायामशाळेत आणले. नणंद 'वहिनी' म्हणे, म्हणून मास्तरांपासून झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली. वय बेचाळीस. रुग्णालयाच्या धुलाईघरात सोळा वर्षे नोकरी. यंत्राच्या पिंपातून ओल्या चादरींचा पीळ उपसायचा, तर मूठ घट्ट आवळायची, अंग मागे टाकायचे आणि हिसका द्यायचा; या एका कामाने तिचे दंड आणि मनगटे व्यायामशाळेत येण्याआधीच घडवलेली होती. त्यांचा तिला अभिमान होता, आणि नेमकी तिथेच मेख होती.

मास्तरांनी ती हेरली. पूर्वी लेथवर काम केलेला हा माणूस शरीराकडेही सुट्या भागांसारखा बघत असे. पुलडाऊनच्या यंत्रावर वहिनी दांडा खाली ओढत असताना ते मागे हात बांधून उभे राहिले.

"वहिनी, तुम्ही चादर ओढताय."

"मग काय ओढू?"

"कोपर. हात म्हणजे नुसता आकडा, दांड्याला अडकवलेला. मूठ आवळली की सगळं काम दंड पळवतात आणि पाठ बसते बघत. कोपर बरगडीला घासून खाली न्या, पँटच्या मागच्या खिशात घालायचं असल्यासारखं. मागं झुकायचं नाही."

असे म्हणून त्यांनी वजनाची पिन बाराव्या पट्टीतून काढून चौथ्या पट्टीत खोचली.

बाजूच्या बाकावरचा कुरिअरवाला हसला. "वहिनी, एवढं तर माझी मुलगी ओढते."

"आण तिला उद्या," वहिनी म्हणाली, "दोघी मिळून तुला ओढू."

वरून ती हसली, पण मनातून खजील झाली. बारा पट्ट्या ओढणारी बाई म्हणून तिला तिथे मान होता. तो चौथ्या पट्टीवर ठेवून द्यायचा म्हणजे जिवावर येत होते.

आठवड्यातून दोन दिवस नवा क्रम सुरू झाला. आधी गुडघ्यावर बसून एका हाताने केबल खाली ओढायची, कोपर थेट कमरेकडे. मग तळवे वर करून दांडा बेंबीकडे आणायचा. शेवटी हात जवळजवळ सरळ ठेवून उंचावरची केबल मांड्यांपर्यंत दाबत आणायची. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून नणंद मागे बसे आणि कमरेच्या चार बोटे वर बोट टेकवून ठेवी. तिथला स्नायू बोटाखाली कडक झाला, तरच ती फेरी मोजायची.

"किती झाल्या?" घामाने निथळत वहिनीने विचारले.

"शून्य."

"वन्सं, पंधरा ओढल्या मी."

"ओढल्यास गं. मी केव्हाची दार वाजवतेय, आत कुणी नाही."

तीन आठवडे दार वाजत राहिले. स्पर्धेला अडीच महिने उरले असताना वहिनीचा धीर सुटला. मास्तर यायच्या आत एका सकाळी तिने पिन पुन्हा बाराव्या पट्टीत घातली, अंग मागे टाकले आणि हिसका दिला. वजन खणखणत वर गेले. कानांना बरे वाटले. कोपराच्या आतून मात्र एक कळ दंडापर्यंत गेली. पुढचे आठ दिवस तिला चहाचा कपही डाव्या हाताने धरावा लागला.

मास्तर रागावले नाहीत. "मला दाखवायला बारा उचलल्यात की पंचांना?" एवढेच त्यांनी विचारले. पंच पट्ट्या मोजत नाहीत, हे तिला ठाऊक होते. आपण कुरिअरवाल्यासाठी हात दुखावून घेतला, हेही त्या क्षणी कळले.

हात बरा झाल्यावर तिने आपणहून तिसरी पट्टी निवडली. अंगठाही दांड्यावरून काढून घेतला, म्हणजे मूठ आवळताच येऊ नये. डोळे मिटले. कोपर सावकाश, बरगडीला घासत खाली आले आणि तळाशी ती दोन आकडे मोजेपर्यंत थांबली. कमरेच्या वर, आजवर कधीच न जाणवलेल्या जागी, काहीतरी आखडले आणि सुटले.

"आली गं," मागून नणंद म्हणाली.

"कोण?"

"खालच्या मजल्यावरची. एवढे दिवस झोपली होती बघ."

त्या दिवशी तिसऱ्या पट्टीवर बारा फेऱ्या मोजल्या गेल्या. महिन्याभरात सहावी पट्टी आली, मग आठवी. बोटाखालचे दार दर वेळी उघडत गेले. धुलाईघरातही तिचा हात नकळत बदलला. मूठ सैल ठेवून, कोपर मागे नेत ती चादरी उपसू लागली आणि कामाची पाळी संपली तरी मनगटे ठणकेनाशी झाली.

स्पर्धेच्या दिवशी नणंदेने तिच्या अंगाला रंग लावला. पाठीवर आल्यावर तिचा हात थांबला. "वहिनी, इथं आता जास्त रंग लागतोय," ती म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

अखेरीस मंचावर दोघीच उरल्या: शिक्षिका आणि वहिनी. समोरून दोघी तुल्यबळ. मग मुख्य पंचांनी पाठीची पोझ मागितली. वहिनीने सभागृहाकडे पाठ केली, अंगठे कमरेवर रोवले, खांदे खाली सोडले आणि कोपरे पुढे आणत पाठ उघडली. समोर नुसता काळा पडदा होता. पण बघायची गरजच नव्हती: काखेपासून कमरेपर्यंत प्रत्येक वीत तिला आतून जाणवत होती. मागून कुरिअरवाल्याची शिट्टी आली आणि तिच्यामागोमाग टाळ्यांचा गजर.

"पुन्हा एकदा," मुख्य पंच म्हणाले. तिने पुन्हा पाठ उघडली आणि ते थांबा म्हणेपर्यंत मिटली नाही.

या वर्षी निकाल चार गुणांनी लागला. शिक्षिकेने तिचा हात धरून वर केला आणि कानाशी पुटपुटली, "हे खालचं माझ्याहून भरीव कसं केलंत, मला सांगाल?"

"या ना सोमवारी," वहिनी म्हणाली. "तिसऱ्या पट्टीपासून सुरू करू."

चषक हाती आला. छायाचित्रकार खाली गुडघ्यावर बसला होता. "ताई, जरा इकडे बघा."

"थांबा हं," ती म्हणाली. चषक तिने नणंदेच्या हातात दिला, गळ्यातले पदक फिरवून पाठीवर सोडले आणि शांतपणे वळून त्याच्याकडे पाठ केली. "आता काढा."