पुसू नका, आधी वाचा

मी पी-शून्य-सातशे बोलतोय. मला नाव नाही, नंबर आहे. कैद्याला असतो तसा. गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो ना, त्यामागे कधीकधी मी असतो. गिअरबॉक्सला स्वतःचा एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्याला काही खटकलं की तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला निरोप धाडतो: ‘इकडे बिघाड आहे, तपशील मला विचारा.’ तो निरोप म्हणजे मी. नेमकं काय बिघडलंय ते मला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असल्याचा आवही मी आणत नाही. तो माणसं आणतात.

माझा जन्म एका चढावर झाला. गाडी जनावरांच्या डॉक्टरबाईंची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्या डाव्या पायाला क्लच झेपत नाही, म्हणून ही ऑटोमॅटिक गाडी. मागच्या सीटवर गमबूट, दोरखंड, सलाइनच्या बाटल्या. त्या दिवशी टेकडीवरच्या गोठ्यात गाय अडली होती. अर्ध्या चढावर गाडीला हिसका बसला आणि गिअरबॉक्सने स्वतःला वाचवायला एकच गिअर धरून ठेवला. गाडी रांगत वर पोचली. गाय वाचली. वासरू गेलं होतं.

गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादने मला वाचलंसुद्धा नाही. बॅटरीची तार काढली, चहा प्यायला, तार परत लावली. दिवा गेला. बाईंना म्हणाला, सेन्सरला असे भास होतात कधीकधी. झाला माझा अंत! तोंड दाबलं की तक्रार मिटली, अशी या लोकांची समजूत.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा जन्मलो. उस्तादने पुन्हा पुसलं. मी पुन्हा आलो, त्याने तिसऱ्यांदा पुसलं. मीही हट्टाला पेटलो होतो. चौथ्या खेपेला उस्तादने बॉनेटवर हात ठेवून निकाल दिला, की अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागेल. कालपर्यंत नुसता भास होता, आज अख्खा गिअरबॉक्स! मधल्या वेळात या गृहस्थाने काय तपासलं होतं? काही नाही.

बाईंच्या थोरल्या भावाचं मत आणखी सोपं होतं. दिवा पुसून घ्यायचा, तो पुन्हा लागायच्या आत गाडी विकायची आणि बाईंनी हे रानोमाळ हिंडणं सोडून दवाखान्यात बसायचं. पेशंट येतील तिकडेच.

“गाय काय बस पकडून येणार आहे, दादा?”

“तुझा पाय बघ आधी.”

“पाय बघूनच गाडी घेतली होती. आणि दिवा पुसून ती दुसऱ्याच्या गळ्यात मारू? उद्या तो अडकेल चढावर.”

दादांनी विषय सोडून दिला. पटलं म्हणून नव्हे; बहिणीला ओळखत होते म्हणून.

मग बाईंनी गाडी आबांकडे नेली. आबा म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक म्हातारे गृहस्थ, तोंडाने कमी आणि चष्म्यावरून जास्त बोलणारे. बाईंनी त्यांना बजावलं, की विचारल्याशिवाय काही पुसायचं नाही. त्यांचे पेशंट आयुष्यात एक शब्द बोलत नाहीत. ही गाडी निदान आकडा तरी सांगतेय.

आबांनी गाडीतले असे नंबर वाचणारा स्कॅनर लावला आणि पहिल्यांदाच मला कुणीतरी कागदावर उतरवून घेतलं. मी आलो तेव्हा वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, तेसुद्धा. पण ते माझ्यापाशी थांबले नाहीत. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला त्यांनी थेट विचारलं. तिथे माझा भाऊ दडून बसला होता: पी-शून्य-सातशे पंधरा. गिअरबॉक्सच्या आत फिरणाऱ्या दांड्याचा वेग मोजणारा सेन्सर नीट बोलत नव्हता. म्हणून लगेच सेन्सर बदला, असंही आबा म्हणाले नाहीत. गिअरबॉक्सचं तेल पाहिलं. पातळी बरोबर, रंग लाल, जळका वास नाही. बॅटरी तपासली. मग टॉर्च घेऊन ते गाडीखाली शिरले आणि सेन्सरची वायर बोटांनी चाचपत गेले. एका जागी थांबले.

“बाई, उंदीर. तुमचाच पेशंट.”

वायरचं वेष्टण कुरतडलेलं होतं आणि आतल्या तारा तुटत आल्या होत्या. सपाटीवर त्या कशाबशा टेकून असायच्या, चढावर हादरा बसला की सुटायच्या. आबांनी तुकडा जोडला, झाकला, नीट बांधला. मग स्कॅनरवर बोट ठेवून विचारलं, आता पुसू?

“नको,” बाई म्हणाल्या. “पुसल्यामुळे गेला की बरं झाल्यामुळे गेला, ते मला कळलं पाहिजे.”

आबांनी पहिल्यांदाच चष्मा काढला. म्हणाले, दिवा दोन-तीन दिवसांत आपणच विझेल. कोड, म्हणजे तो आकडा, मात्र कॉम्प्युटरच्या आठवणीत राहील. इंजिन चाळीस वेळा तापून थंड झालं आणि बिघाड परतला नाही, तर तोही जाईल.

दिवा केव्हाच विझलाय. टेकड्या, खड्डे, गोठे, सगळं झालं. तार सुटली नाही. आज चाळिसावी वेळ. मला मरणाचं दुःख नाही. याआधी तीनदा मेलो तो गळा दाबून. हे मरण हक्काचं आहे.

तुमच्या गाडीत कधी आलो, तर मला लिहून घ्या. माझ्या मागे कोण दडलंय ते विचारा. तेल बघा, तारा बघा, गिअरबॉक्स खोलायची भाषा सगळ्यात शेवटी. आणि न वाचता पुसायला कुणी पुढे सरसावला, तर त्याचा हात धरा.

उद्या सकाळी बाईंना दोन टेकड्या ओलांडायच्या आहेत. मी सोबत नसेन. नसावंच.