स्टेपनी गोठ्यात राहिली

जावई गाडीत बसला की आधी किलोमीटरचा काटा बघायचा, मग बायकोकडं. भागिरथीबाईंना ह्याचीच शिसारी आली होती. लेक सायली पहिल्या बाळंतपणाला पाथर्डीकडं माहेरी आलेली, नववा महिना लागलेला. आणि हा वाल्मिक दर रविवारी कोपरगावाहून यायचा तो तिला भेटायला की गाडीला, देव जाणे. आल्या आल्या बॉनेट उघडं. तिच्या पायाला सूज आहे का, काही खाल्लं का, विचारायचं नाव नाही.

गाडी होती त्याच्या सासऱ्याची. बाईंच्या मालकानं, सहादूनं, अठरा वर्षं चालवलेली डिझेल गाडी. तो गेल्यावर बाईंनी ती विकली नाही. शेजारचा भागवत चालवायचा आणि नजर बाई ठेवायच्या. शाळा दुसरीपर्यंतच, पण आकडे वाचता येत. टाकी गळ्यापर्यंत भरायची, काटा बघायचा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत. किती लिटर बसलं, मधे किती किलोमीटर झाले, ते कोळशानं गोठ्याच्या भिंतीवर. गाडी लिटरला सोळाचं ॲव्हरेज द्यायची. पंधरावर आली की बाई ओळखत, एअर फिल्टरमध्ये धूळ बसली, नाहीतर भागवतचा पाय ॲक्सिलरेटरवर जड झाला. मग दोघांनाही झाडून काढत.

वाल्मिकला सोळा म्हणजे कमीपणा. मोबाईलवर जुन्या गाडीवाल्यांचा कसला ग्रुप होता, तिथं त्यानं बावीस सांगून ठेवले होते. बावीस कसे? तर पंपावर गाडी तिरकी लावायची, म्हणजे थोड्याच डिझेलात टाकी भरल्यासारखी दिसते आणि ॲव्हरेज फुगतं. बाईंनी हे डोळ्यांनी बघितलं होतं.

"जावईबापू, आंघोळ न करता पावडर फासली म्हनून कुनी स्वच्छ हुतं का?"

"मामी, तुम्हाला यातलं टेक्निकल कळायचं नाही," म्हणून तो हसला होता.

मे महिन्यातल्या अशाच एका रविवारी सकाळी दहाला सायलीला कळा सुरू झाल्या. नगरचा दवाखाना गाठायचा होता. बाई भागवतला हाक मारणार, तोच वाल्मिक म्हणाला, "तो कशाला? त्याचा पाय जड, ॲव्हरेज पाडतो. मी हाये ना."

निघाले. काचा बंद, एसीही बंद. उघड्या काचेतून वारं शिरलं की म्हणे गाडी अडते. आत नुसती भट्टी. सायलीच्या मानेवरून घामाच्या धारा. बाईंनी न विचारता काच खाली केली. तरी गाडी खड्ड्याखड्ड्यात अशी आदळत होती की लेक प्रत्येक वेळी ओठ चावायची.

"येवढी का आदळती ही?"

"हवा जास्त भरलीय मामी. टायर कडक राहिला की डिझेल वाचतं."

"लेक फुटंल माझी, त्याचं काय?"

लेक नाही, टायर फुटला. करंजी गावाच्या अलीकडं, भर उन्हात, फटाका वाजावा तसा. गाडी भेलकांडत कडेला लागली. सायली दार धरून उतरली आणि लिंबाच्या बुंध्याला टेकली.

"काढा स्टेपनी. लवकर."

वाल्मिक जागचा हलला नाही.

"अवो काढा की!"

"मामी, ती... काढून ठेवलीय. गोठ्यात, कडब्याखाली. जॅकपण तिथंच. उगं वजन होतं म्हणून..."

बाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. भाकरीत केस निघाल्यावर बघावं तसं. त्यानं खिशातून मोबाईल काढला. आता तरी कुणाला बोलवेल, असं त्यांना वाटलं. त्यानं मोबाईल काट्यासमोर धरला आणि फोटो काढला.

"इथपर्यंतचं रीडिंग राहू द्यावं म्हटलं."

बाई रस्त्यावर थुंकल्या. पदर खोचला आणि सरळ डांबरावर जाऊन दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. नगरच्या मार्केटला निघालेला कांद्याचा टेम्पो करकचून थांबला. ड्रायव्हर कल्याण म्हणून होता.

"आजी, केबिनला सडक्या कांद्याचा वास हाय लई."

"आसू दे. तुज्याकडं स्टेपनी हाय का?"

"हाय की."

"मग घे आमाला."

कल्याणनं आपली गोधडी सीटवर अंथरली. दोघीच चढल्या. बाईंनी लेकीच्या नाकाला पदर लावला. सायलीनं आईचा हात पिळून काढला, पण घाट चढून टेम्पो वेळेत दवाखान्यात पोचला. अडीच वाजता मुलगी झाली. दोघीही सुखरूप.

चार वाजता वाल्मिक कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आला. हातात पेढ्यांचा पुडा.

"मामी, चुकलं माझं. पण खरं सांगतो, आज करंजीपर्यंत तेवीस बसत होतं."

बाईंनी हात पुढं केला. त्यानं पुडा दिला. तो त्यांनी बाकड्यावर ठेवला आणि हात तसाच पुढं धरला. शेवटी त्याला कळलं. त्यानं चावी दिली. ती कनवटीला लावून बाई बोलल्या, खोलीबाहेरच्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात:

"जावईबापू, माज्या मालकानं सोळावरच गाडी चालवली, पन घरच्या बाईला कधी रस्त्यावर उतरवलं न्हाई. तुमी तेवीस काढलं आन बायकोला सडक्या कांद्याच्या वासात बसवलं. आता घरी जायाचं, कडब्याखालची ती स्टेपनी काढायची, एस्टीत मांडीवर घिऊन करंजीला न्यायची. बघू द्या लोकांना. चाक भागवत बसवंल, गाडीबी त्योच आनंल. तुमी ह्या गाडीच्या चाकाला आता फकस्त तेवढाच हात लावायचा. तुमच्या लेकीचं तोंड बघायचं ते त्याच्यानंतर."