वरून लावलेली कणीक

"तोंड उघड गो," सुंदराबाई दारातूनच म्हणाल्या. हातात काचेची बरणी, बरणीत बोराएवढ्या गोळ्या. "किती खोकतंस! भिंतीपलीकडे माका झोप नाय."

"गहू नाही ना यात?" मी विचारलं.

"सर्दीच्या औषधात गहू खंयसून येतलो? सुंठ, मिरी, हळद नि गूळ. घे!"

घेतली. डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने म्हणा नाहीतर कशाने म्हणा.

आता हे गव्हाचं प्रकरण. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी माझ्या आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये, जन्मभर. सीलिॲक म्हणतात त्याला. आमच्या घाटकोपरच्या चाळीत मात्र त्याला थेरं म्हणतात. "पोळी बाधते म्हणे! ऐकावं ते नवलच!" ऑफिसात डबा एकटीने खायचा. बोरिवलीला भाऊ आहे, नंदकिशोर. वहिनी एकदा सरळच म्हणाली, "तुमच्यासाठी वेगळं कोण रांधणार, क्षमाताई?" तेव्हापासून सणाचं बोलावणंही बंद. बरं झालं, म्हणते मी. खोटंच म्हणते.

उरल्या सुंदराबाई. गिरणीचा संप झाला, नवऱ्याचं काम गेलं, मागोमाग ते काशीरामही वारले. कोकणातल्या बाई, गव्हाशी त्यांचं कधी जमलंच नाही. रोज तांदळाची भाकरी. त्यामुळे दर रविवारी माझं पान त्यांच्याकडे. भाकऱ्या झाल्या की त्या भिंतीवर हात आपटायच्या: ये गो! अख्ख्या मुंबईत काही न विचारता जेवता येईल असं माझं ते एकच घर.

गोळ्यांनी सर्दी पळाली, पण पोटाची पार वाट लागली. अंगातली ताकद गेली, ऑफिसला दांड्या पडल्या. वाण्याच्या सुंठेत भेसळ असणार, म्हणून मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

मग एका शनिवारी सुंदराबाईंकडे डोकावले. त्या माझ्यासाठीच, पुढच्या सर्दीला असाव्यात म्हणून, नव्या गोळ्या वळत होत्या आणि एकेक गोळी ताटातल्या पिठात घोळवत होत्या.

"हे कसलं पीठ?"

"कणीक. रेशनचो गहू पडून असता ना, त्याची. नायतर गुळानं चिकटतत एकमेकांक. आत काय नाय हां, वरसूनच."

वाण्याला उगाच शिव्या घातल्या होत्या मी. सांगावं की नको? पण आणखी एक बरणी पोटात ढकलणं शक्य नव्हतं. सांगितलं. हळूच, हसत सांगितलं. "तांदळाच्या पिठात घोळवा की, झालं!"

त्या हसल्या नाहीत. पिठाळलेले हात पदराखाली घेतले. "म्हणजे तुका मीच आजारी पाडलंय?"

"अहो, तुम्हाला काय ठाऊक!"

"नको गो बाय. परत माझ्या हातून काय झाला तर? माझ्या हातचा तू काय खाव नको."

खूप समजावलं. चिडले, रडलेसुद्धा. ऐकतील तर शपथ! खरं तेच बोलले ना मी? मग माझं पान का गेलं?

आज रविवार. सर्दी पुन्हा आलीय. पलीकडे भाकऱ्या थापायचा आवाज चालू होता आणि मला खोकल्याची जोरात उबळ आली. पलीकडचे हात थांबले. मी उठले, पदर सारखा केला आणि भिंतीकडे बघत उभी राहिले.

थोड्या वेळाने त्या पुन्हा भाकरी थापू लागल्या.